स्कॅनर लांबून का घेत नाही? बारकोडची मापं ठरवायची ती अशी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या गोडाऊनला मी रॅकची लेबलं करून दिली होती, चारेक वर्षं झाली असतील. लेबल ५० बाय २५ मिमीचं, आणि ते का तर तो रोल माझ्याकडं शिल्लक पडला होता म्हणून, हे आधीच कबूल करतो. टेबलावर स्कॅन करून दाखवलं, पीप पीप आवाज आला, मालक खूश, बिल पास. आठ दिवसांनी फोन आला म्हणून गेलो तर फोर्कलिफ्टवाले मामा माझ्यासमोर सीटवरनं उतरले, रॅकपाशी गेले, टाचा वर करून हात लांब केला, स्कॅन केलं, परत चढले आणि म्हणाले, "साहेब, ह्या स्टिकरपायी दिवसातनं शंभरदा उतरायला लागतंय, त्यापेक्षा नंबर पाठ करतो की मी."

स्कॅनर नवा होता, प्रिंटर चांगला होता, छपाई काळीभोर होती. चुकलेली फक्त लेबलाची मापं. मालक तर लांबचा महागडा स्कॅनर घ्यायला निघाला होता, आणि खरं सांगायचं तर तो घेऊनसुद्धा त्या लेबलावर फार काही फरक पडला नसता. तेव्हापासून मी कामाचा क्रम उलटा केला: आधी वाचायचं अंतर विचारायचं, त्यावरनं रेषेची जाडी ठरवायची, मग त्यात किती अक्षरं मावतात ते बघायचं, आणि लेबलाचा साईज सगळ्यात शेवटी. बहुतेक जण रोलपासून सुरुवात करतात आणि मग अंतर जे मिळेल ते गोड मानून घेतात.

सगळ्यात बारीक रेष मोजा

बारकोडमध्ये सगळ्यात बारीक जी रेष असते तिच्या रुंदीला एक्स डायमेन्शन म्हणतात, आणि स्कॅनरच्या डेटाशीटमध्ये ती मिलमध्ये लिहिलेली असते. मिल म्हणजे मिलिमीटर न्हवे हां, इथं लय जण फसतात. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, उद्यमनगरातला टर्नर ज्याला थाऊ म्हणतो तेच, ०.०२५४ मिमी. म्हणजे १३ मिल झालं ०.३३ मिमी, २० मिल झालं साधारण अर्धा मिमी, आणि ४० मिल म्हणजे एक मिमीच्या आसपास.

एवढी बारीक रेष मोजायची कशी? एकच रेष व्हर्नियरनं मोजायला जाऊ नका, शाई पसरलेली असते आणि व्हर्नियरचा जबडा नक्की कुठं टेकलाय ते कळत नाही. पूर्ण कोड मोजा आणि भागाकार करा. घरातला बिस्किटाचा पुडा घ्या, त्यावरचा तेरा आकडी कोड म्हणजे ईएएन-१३. पहिल्या काळ्या रेषेच्या बाहेरच्या कडेपासून शेवटच्या काळ्या रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत त्याचे बरोबर ९५ भाग असतात (एक भाग म्हणजे एका एक्सएवढी रुंदी), मग आकडा कुठलाही असूदे. लांबी ३१.३५ मिमी आली तर भागिले ९५, म्हणजे ०.३३ मिमी, हा त्याचा शंभर टक्के साईज. पुडा छोटा असेल तर २५ मिमीच्या आसपास येईल, तो ऐंशी टक्के, आणि नियमानं छापखान्यात छापलेल्या मालावर त्याच्या खाली जायचं नाही. वर दोनशे टक्क्यापर्यंत चालतं.

कोड १२८ वापरत असाल, गोडाऊनमध्ये बहुतेक तोच असतो, तर त्याचं गणित थोडं वेगळं आहे. एका अक्षराला ११ भाग, आणि सुरुवातीची खूण, चूक पकडायला लागणारं चेक अक्षर आणि शेवटची खूण मिळून ३५ भाग. म्हणजे बारा अक्षरांचा नंबर असेल तर बारा गुणिले अकरा १३२, अधिक ३५, झाले १६७. लांबीला १६७ नं भागा, एक्स मिळाला. हे एवढं जमलं की अर्धं काम झालं.

जाडी वाढली की अंतर का वाढतं

लेसर स्कॅनरमध्ये जो लाल ठिपका रेषांवरनं फिरतो त्याला स्वतःची जाडी असते. एका ठराविक अंतरावर तो सगळ्यात बारीक असतो आणि त्याच्या पुढंमागं फुगत जातो. ठिपका रेषेपेक्षा मोठा झाला की एकाच वेळी काळ्यावरही पडतो आणि पांढऱ्यावरही, आणि आत जाणारा सिग्नल सगळा राखाडी होतो, कुठं रेष संपली आणि कुठं मोकळी जागा सुरू झाली ते मशीनला समजत नाही. कॅमेऱ्यावाल्या म्हणजे इमेजर स्कॅनरमध्ये कारण वेगळं पण शेवट तोच: जितकं लांब जाल तितके एका रेषेच्या वाट्याला कमी पिक्सेल येतात, आणि एकदीड पिक्सेलच्या खाली गेलं की रेषा एकमेकात मिसळतात. रंकाळ्याच्या ह्या काठावरनं त्या काठावरची पाटी वाचून बघा, अक्षर दिसतंय पण वाचता येत नाही, तसंच.

म्हणून अंदाजाला एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा, त्याच स्कॅनरवर एक्स दुप्पट केला की अंतरही साधारण दुप्पट होतं. कायमच नाही, कारण पुढं पुढं प्रकाशच कमी पडायला लागतो, पण सुरुवातीच्या हिशोबाला एवढं पुरतं. दुकानात असतो तसला साधा हातातला स्कॅनर पाव मिमीची रेष वीसपंचवीस सेंमीवरनं घेतो, ०.३३ ची तीसचाळीसवरनं, अर्ध्या मिमीची अर्ध्या मीटरच्या आसपास, आणि एक मिमीची नशीब चांगलं असेल तर मीटरभर. लांब पल्ल्याचा वेगळा स्कॅनर मिळतो, तो एक मिमीच्या रेषेला काही मीटरवरनं धरतो, आणि अडीच मिमीची रेष रेट्रो-रिफ्लेक्टिव्ह लेबलावर, म्हणजे हायवेच्या बोर्डासारख्या उलटा प्रकाश फेकणाऱ्या लेबलावर असेल तर दहा मीटरच्या पुढं सुद्धा.

हे आकडे माझ्या अनुभवाचे आहेत, तुमच्या मॉडेलच्या डेटाशीटमध्ये वेगळे असतील, ते बघाच. त्यात एक टेबल असतं, डावीकडं मिल आणि उजवीकडं जवळचं आणि लांबचं अंतर. फक्त एक ध्यानात ठेवा की ते आकडे कंपनीनं एकदम झ्याक छापलेल्या टेस्ट कोडवर घेतलेले असतात. डिस्पॅचच्या दारात वाळू उडतेय, लेबलावर कटिंग ऑइलचा हात लागलाय, अशा ठिकाणी मी त्यातलं सत्तर टक्केच अंतर धरतो.

प्रिंटरला अर्धा डॉट मारता येत नाही

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, चुका करून कळली. साधा लेबल प्रिंटर २०३ डीपीआयचा असतो, म्हणजे एका मिमीत ८ डॉट, एक डॉट ०.१२५ मिमीचा. आता त्याला ०.३३ मिमीची रेष मारायला सांगितली तर तो मारणार कशी? दोन डॉट मारले तर ०.२५, तीन मारले तर ०.३७५, मधलं काही नाहीच. चांगलं सॉफ्टवेअर असेल तर ते आपोआप पूर्ण डॉटवर नेऊन बसवतं, पण तुम्ही कोरलड्रॉमध्ये कोड करून, फोटो म्हणून एक्सपोर्ट करून, माऊसनं कोपरा धरून ओढून लेबलात "बरोबर बसवला" की काही रेषा दोन डॉटच्या आणि काही तीनच्या होतात. डोळ्याला काही कळत नाही, कोड सुंदरच दिसतो, पण स्कॅनर अगदी जवळ नेल्यावर कसाबसा घेतो आणि लांबून अजिबात नाही. राजारामपुरीतल्या कुठल्या तरी डीटीपीवाल्याकडनं डिझाईन करून आणलंय आणि "स्कॅनर खराब दिलाय तुम्ही" असा फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, भावा, कोपरा ओढलास का?

म्हणून कोड ओढून लहानमोठा करायचाच नाही. लेबलच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स किंवा नॅरो बार विड्थ असं सेटिंग असतं, तिथं डॉटच्या हिशोबात आकडा द्या. झेडपीएल, म्हणजे झेब्रा प्रिंटरची भाषा, हातानं लिहीत असाल तर बीवाय कमांडचा पहिला आकडा म्हणजे एका भागाला किती डॉट, १ ते १० पर्यंत देता येतो. दुकानासाठी ईएएन-१३ छापत असाल आणि प्रिंटर २०३ चा असेल तर तीन डॉटच घ्या, साईज साधारण ११४ टक्के होईल आणि दोन्ही बाजूची मोकळी जागा धरून कोड ४२ मिमीच्या थोडा वर जाईल. दोन डॉटनं तो ७६ टक्क्यावर येतो, म्हणजे ऐंशीच्या खाली, आणि तेवढी सूट फक्त अशा थर्मल किंवा लेसर प्रिंटरच्या छपाईला आहे. ३०० डीपीआयचा प्रिंटर असेल तर चार डॉटला ०.३४ येतं, शंभर टक्क्याच्या अगदी जवळ, त्यामुळं लहान लेबलवाल्यांनी तो थोडा महाग पडला तरी घ्यावा असं माझं मत आहे.

नंबर छोटा करा, हे सगळ्यात स्वस्त औषध

लेबल आहे तेवढंच आहे, स्कॅनर आहे तोच आहे, तरी अंतर वाढवायचंय? तर नंबर कापा. शिरोलीच्या त्या गोडाऊनचं उदाहरण घेऊ. तिथं रॅकचा नंबर बारा अक्षरांचा होता, कंपनीचं नाव, बिल्डिंग, रांग, मजला, खण, मधी डॅश, सगळं त्यात कोंबलेलं, कारण अकाउंटवाल्या साहेबांना तो वाचून समजायला पाहिजे होता. कोड १२८ मध्ये त्याचे १६७ भाग झाले, दोन्ही बाजूला दहा दहा भाग मोकळी जागा, एकूण १८७. पन्नास मिमीच्या लेबलात दोन डॉटनं ते ४६.७५ मिमी होतं, म्हणजे मावलं, पण रेष पाव मिमीची. पंचवीस सेंमीवरनं वाचणार. मामांचा हात काय तीन मीटर लांब आहे?

मग काय केलं, नंबर आठ आकडी केला, नुसते आकडे. कोड १२८ मध्ये सी नावाचा एक सेट आहे, त्यात दोन आकडे मिळून एका अक्षराची जागा घेतात, म्हणून आकड्यांची संख्या सम ठेवायची, सात आकडे असतील तर पुढं शून्य लावा. आठ आकड्यांच्या चार जोड्या, ४४ भाग, अधिक ३५, झाले ७९, मोकळ्या जागेसकट ९९. हेच कोड ३९ नावाच्या दुसऱ्या प्रकारात जाड-बारीक रेषा तीनास एक या प्रमाणात केलं असतं तर रेषांचेच १५९ भाग झाले असते, दुप्पट. (गाडीच्या कंपनीनं लेबलाचा फॉरमॅट ठरवून दिला असेल तर त्यात हात घालू नका, तो जसा आहे तसाच छापा, माल परत येतो.)

आणि रोल बदलला, १०० मिमी रुंदीचा घेतला. ९९ भाग आणि सात डॉट, म्हणजे रेष ०.८७५ मिमीची, कोड साधारण ८७ मिमी. पाव मिमीवरनं पाऊण मिमीच्या पुढं, साडेतीनपट. आठ डॉट केले असते तर कोड ९९ मिमी झाला असता आणि लेबल एक मिमी सरकलं तरी कड कापली गेली असती, म्हणून सातवर थांबलो. त्याला जोडून एक लांब पल्ल्याचा स्कॅनर घेतला. अकाउंटवाल्या साहेबांसाठी जुना नंबर खाली मोठ्या अक्षरात साधा छापला, माणसानं माणसाचं वाचावं, मशीननं मशीनचं.

दुकानातल्या मालाचं मात्र असं करता येत नाही. तिथला नंबर जीएस१ या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडनंच घ्यावा लागतो, भारतातल्या नोंदणीचे ८९० नं सुरू होतात, आणि आकडे तेराच राहतात. गुळाच्या बॉक्सवर, बाहेरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर, आयटीएफ-१४ असतो, त्याचा मूळ एक्स १.०१६ मिमी आणि उंची ३२ मिमीच्या आसपास असते आणि साधारण निम्म्यापर्यंत लहान करता येतो. तो एवढा मोठा का, तर पुठ्ठ्यावर थेट छपाई करताना शाई फुटते, बारीक रेष तिथं टिकतच नाही.

उंचीनं अंतर वाढत नाही, पण नेम चुकला तरी चालतो

"रेषा अजून उंच करा म्हणजे लांबून घेईल" असं लोक सांगतात, ते अर्धवट खरं आहे. उंचीचा आणि रेष ओळखू येण्याचा काही संबंध नाही. पण लेसरची आडवी रेघ पहिल्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत एका झटक्यात गेली पाहिजे, वरनं किंवा खालनं बाहेर निसटली की संपलं. ८७ मिमी लांब कोड आणि उंची फक्त ८ मिमी असेल तर स्कॅनर पाच अंशाच्या आसपास तिरका झाला तरी चालतो, त्याच्या वर नाही. तीच उंची ३० मिमी केली तर १९ अंशापर्यंत चालतं. शिवाय लांबून हात हलतो तो वेगळाच, तीन मीटरवर मनगट एक अंश हललं तर ठिपका पाच सेंमीच्या वर सरकतो, आणि फोर्कलिफ्टचं इंजिन चालू असताना एक अंश म्हणजे काहीच न्हवे. हातात धरून वाचायच्या लेबलाला लांबीच्या निदान पंधरा टक्के उंची ठेवा आणि ६ मिमीच्या खाली जाऊ नका. रॅकच्या लेबलाला मात्र जेवढी जागा शिल्लक आहे तेवढी सगळी उंचीला द्या, लोगो बिगो नंतर बघू.

जवळ नेऊन सुद्धा वाचत नाही तेव्हा

स्कॅनर घेत नसला की माणूस तो आणखी जवळ नेतो, अगदी चिकटवतो, आणि मोठ्या कोडला नेमकं हेच चुकतं. लेसरची रेघ पंख्यासारखी पसरत जाते, साध्या स्कॅनरमध्ये पस्तीसेक अंशात, म्हणजे दहा सेंमीवर रेघेची लांबी सहासाडेसहा सेंमी होते. आपला ८७ मिमीचा कोड त्यात मावणारच नाही, त्याला चौदा-पंधरा सेंमी तरी मागं यावं लागतं. लांब पल्ल्याच्या स्कॅनरमध्ये पंखा आणखी अरुंद असतो, त्याला अजून मागं. त्यामुळं लांबून वाचायचं लेबल जवळून वाचायला त्रास देतं, हा दोष न्हवे, तो त्याचा स्वभावच आहे. दोन्ही प्रकारे लागत असेल तर तोच नंबर एकाच लेबलावर दोनदा छापा, वर मोठा मामांसाठी आणि खाली कोपऱ्यात अर्धा मिमी रेषेचा छोटा, हातात स्कॅनर घेऊन फिरणाऱ्या पोरासाठी. मधी चांगली जागा सोडा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. कोडच्या दोन्ही बाजूची मोकळी जागा खाऊ नका, कोड १२८ ला दहा दहा भाग, ईएएन-१३ ला डावीकडं ११ आणि उजवीकडं ७. रेष जाड केली की ही जागाही त्याच प्रमाणात वाढते, हे विसरून लोक बॉर्डर कोडला चिकटवतात. लाल, केशरी रेषा छापू नका, बहुतेक स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेष पांढरीच दिसते. तपकिरी पुठ्ठ्यावर थेट छापला तर काळ्यापांढऱ्यातला फरक कमी होतो आणि अंतर घटतं, चपलेच्या खोक्यावाल्यांनी पांढरं स्टिकर लावावं. चकचकीत लॅमिनेशन असेल तर स्कॅनर समोरून सरळ न धरता दहा-पंधरा अंश कलता धरा. गोल बाटलीला किंवा पाईपला कोड शिडीसारखा उभा लावा, म्हणजे रेषा गोलाईबरोबर फिरतील आणि कोडची टोकं मागं वळणार नाहीत. आणि प्रिंटरची डार्कनेस उगाच वाढवू नका, काळं दिसतंय म्हणून चांगलं असं नसतं, जास्त हीटनं रेषा फुगतात आणि मधल्या पांढऱ्या फटी बुजतात. प्रिंटरमधनं रेषा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या निघत असतील तर स्पीड कमी करा, कारण मग रेषेची कड पुसल्यासारखी येते.

भिंतीवर चिकटवून बघा

एवढं गणित करून सुद्धा मी ऑर्डरच्या आधी टेस्ट घेतोच. तोच खरा नंबर, तोच रोल, तीच रिबन, आणि २, ३, ४, ६, ८ डॉटचे पाच कोड छापायचे, प्रत्येकाच्या खाली पेनानं डॉट लिहायचे. मग ती लेबलं घरात न्हवे, जिथं वापरायची त्याच भिंतीवर किंवा रॅकवर चिकटवायची, खाली जमिनीवर मोजपट्टी टाकायची आणि दहा दहा सेंमी मागं सरकत प्रत्येक ठिकाणी पाच वेळा ट्रिगर दाबायचा. पाचपैकी पाच लागले तरच ते अंतर पास. चार लागले की नापास, कारण तो पाचवा नेमका दिवाळीच्या डिस्पॅचला येतो. लांबचं अंतर लिहा तसंच जवळचंही लिहा.

ही टेस्ट दुपारी एकदा घ्या आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर एकदा. गोडाऊनचं शटर पश्चिमेला असेल तर मे महिन्यात चार वाजता थेट उन्हात लेसरची रेघ डोळ्याला दिसत सुद्धा नाही, स्कॅनरलाही तसंच होतं. आणि स्कॅनर चालवून बघायचा तो मालकाच्या हातात देऊन न्हवे. मामांना सीटवर बसवा, इंजिन चालू करायला सांगा, हातमोजे घालूनच ट्रिगर दाबायला लावा.

शिरोलीत आम्ही हे केलं तेव्हा सात डॉटचं लेबल तीन मीटरवरनं पाचपैकी पाच लागलं. मामांनी सीटवरनंच आख्खी रांग पीप पीप करत मारली, खाली उतरले नाहीत. मग वरच्या मजल्याचं लेबल बघून म्हणाले, "हे जरा खाली वाकवून लावा की, वरनं लाईट चमकतोय." तेवढं राहिलं होतं, ते पट्टीखाली पाचर घालून करून दिलं.